स्क्रीनचा एक कोपरा पिवळट, दुसरा निळसर: कोकणातल्या दमट हवेत मॉनिटर कसा तपासावा आणि कसा जपावा

देवगड हापूसच्या पेटीचं लेबल स्क्रीनच्या मधोमध असलं की पिवळं-केशरी छान दिसतं. तेच उजव्या कडेला सरकवलं की त्यात हिरवट झाक येते, वर नेलं की गडद होतं, खाली आणलं की फिकट. फाइल तीच, रंगांचे आकडेही तेच. मग छापून आलेलं लेबल हातात घेऊन बागायतदार म्हणतो, "ह्यो रंग येगळोच दिसता," आणि त्याचं म्हणणं खरं असतं. अशा वेळी बहुतेक जण मॉनिटरच्या मेनूत शिरतात. ब्राइटनेस वाढवतात, निळा थोडा कमी करतात, कोणी कॅलिब्रेशनचं, म्हणजे रंग मोजून जुळवायचं, यंत्र मागवतो. पण ही सगळी बटणं पूर्ण स्क्रीनला एकदम लागू होतात. कॅलिब्रेशनचं यंत्रही साधारणपणे मधला एक चौकोन मोजतं आणि तोच हिशेब चारही कोपऱ्यांना लावतं. म्हणजे दोष एका कोपऱ्यात आणि औषध सगळ्या अंगाला.

म्हणून बटणाला हात लावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधायचं. जागा चारच असतात: आपल्या बघण्याचा कोन, संगणकाकडून येणारा सिग्नल, मागचा उजेड किंवा पॅनल. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत काम करणाऱ्यांसाठी यात पाचवी गोष्ट येते, ती म्हणजे दमट खारी हवा. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण मुंबई-पुण्याच्या माहितीत ती सहसा नसते.

आत काय असतं, एवढं आधी

एलसीडीचं पॅनल स्वतः उजेड देत नाही. उजेड मागून येतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. आजच्या बहुतेक मॉनिटरमध्ये एका कडेला, बहुधा खालच्या, पांढऱ्या एलईडींची पट्टी असते. हा उजेड ॲक्रिलिकच्या जाड पारदर्शक प्लेटमध्ये शिरतो, प्लेटवरच्या बारीक ठिपक्यांवर आपटून पुढे फेकला जातो आणि पातळ प्लास्टिकच्या दोन-तीन शीट्समधून पसरत पॅनलपर्यंत पोहोचतो. पॅनलच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर, म्हणजे उजेड गाळणारे पातळ थर, चिकटवलेले असतात आणि मधे लिक्विड क्रिस्टल व लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरचा थर असतो. २००८-१० च्या आधीच्या बऱ्याच मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी सीसीएफएल नावाच्या बारीक ट्यूब असत.

एवढ्यावरूनही बरंच कळतं. पट्टी एकाच कडेला असल्यामुळे उजेडाला लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि वाटेत त्यातला निळा भाग थोडा जास्त शोषला जातो. त्यामुळे पट्टीपासून लांबची बाजू किंचित पिवळट दिसणं हा रचनेचाच भाग आहे. पूर्ण एकसारखी स्क्रीन कुठल्याच किमतीत मिळत नाही. प्रश्न इतकाच असतो की फरक आपल्या कामाला आड येतो की नाही.

पहिली पायरी: तपासणीची तयारी

मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवा. थंड बॅकलाइटचा उजेड आणि रंग दोन्ही स्थिर नसतात, जुन्या ट्यूबवाल्या मॉनिटरमध्ये तर फारच. मग मेनूतून फॅक्टरी रीसेट करा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, डोळ्यांसाठीचा ब्लू लाइट मोड, सगळं बंद. विंडोजमधला नाइट लाइटही बंद करा. संध्याकाळी आपोआप चालू होणाऱ्या या नाइट लाइटमुळे "स्क्रीन पिवळी पडली" म्हणून दुकानात आलेले मॉनिटर मी पाहिले आहेत. लॅपटॉप असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी चित्राप्रमाणे उजेड कमी-जास्त करणारी सोय ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये शोधून बंद करा.

स्क्रीन पुसायची, पण इथे घाई नको. खिडकी समुद्राच्या बाजूला असेल तर काचेवर मिठाचा न दिसणारा पातळ थर बसलेला असतो. कोरड्या फडक्याने घासलं की ते कण पॅनलच्या वरच्या थरावर बारीक चरे पाडतात. मॉनिटर बंद करून थंड होऊ द्या. मायक्रोफायबरचं फडकं डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करून आधी हलक्या हाताने फिरवा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. स्क्रीनवर थेट फवारा मारू नका. पाणी ओघळून खालच्या पट्टीतून आत जातं आणि कनेक्टर नेमके तिथेच असतात. काच पुसायचं अमोनियावालं लिक्विड तर अजिबात नको, त्याने वरचं मॅट कोटिंग जातं.

दुसरी पायरी: चार रंगांचे पडदे

पेंटमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये आपल्या स्क्रीनच्या रिझोल्यूशनइतक्या चार फाइल बनवा: पूर्ण काळी, पूर्ण पांढरी, मध्यम राखाडी (तिन्ही रंग १२८) आणि गडद राखाडी (तिन्ही रंग ४०). प्रेझेंटेशनच्या स्लाइड म्हणून टाकल्या तर फुल स्क्रीनवर दाखवणं सोपं जातं.

काळी फाइल रात्री, दिवे मालवून बघायची. कडेकडून पिवळट-पांढरा उजेड झिरपताना दिसला तर तो बॅकलाइट ब्लीड असू शकतो किंवा आयपीएस प्रकारच्या पॅनलची कोपऱ्यातली चमक. दोन्ही वेगळे आहेत आणि ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन मीटर मागे जा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. झिरपणारा उजेड कमी झाला किंवा सरकला तर ती चमक, म्हणजे पॅनलचा स्वभाव. जागचा हलला नाही तर ब्लीड, म्हणजे फ्रेम आणि पॅनल यांच्यात कुठेतरी दाब किंवा फट.

खरी परीक्षा मात्र मध्यम राखाडीची. पांढऱ्यावर डोळे दिपतात आणि काळ्यावर रंग कळत नाही. राखाडीवर गुलाबी, हिरवट, पिवळट अशी कुठलीही झाक लगेच उघडी पडते. एक मिनिट शांतपणे बघा. कुठल्या बाजूला काय दिसतं ते कागदावर चौकट काढून लिहा, कारण डोळा फार लवकर सवय करून घेतो आणि दहा मिनिटांनी तुम्हालाच सगळं सारखं वाटायला लागेल.

तिसरी पायरी: कोन की खरा दोष?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. मधोमध बसलं की आपला डोळा मधल्या भागाकडे सरळ आणि कोपऱ्यांकडे तिरका बघतो. २४ इंची स्क्रीनवर जवळून बसलं तर हा तिरकेपणा बराच असतो.

पॅनलचे मुख्य प्रकार तीन: टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन पॅनल असेल तर स्क्रीनचा वरचा भाग गडद आणि खालचा फिकट दिसतो, कारण वरचा भाग आपण खालून बघतो आणि खालचा वरून. स्वस्त आणि जुन्या मॉनिटरमध्ये, त्याच काळातल्या लॅपटॉपमध्येही, हे पॅनल सर्रास असतं. व्हीए पॅनलची तऱ्हा वेगळी. गडद छटा समोरून जास्त काळ्या आणि तिरक्या बघितल्या की फिकट होतात. लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्यांना हे बरोबर जाणवतं. नवरदेवाचा काळा कोट मधोमध सपाट काळा दिसतो आणि कडेला नेला की त्याच्या घड्या दिसायला लागतात. आयपीएस या बाबतीत सगळ्यात सरळ. हिताचीने १९९६ मध्ये ते बाजारात आणलं तेव्हा टीएनची हीच कोनाची अडचण सोडवायची होती.

तपासायचं असं: राखाडी पडदा ठेवून खुर्ची हलवा आणि डोळा प्रत्येक कोपऱ्याच्या बरोबर समोर, सारख्याच अंतरावर आणा. समोर आल्यावर कोपरा मधल्यासारखा दिसला तर पॅनलमध्ये बिघाड नाही, तो कोनाचा खेळ आहे. उपायही फुकट आहे. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या पातळीला आणा, मॉनिटर किंचित मागे कलता करा आणि हातभर, शक्य असेल तर जरा जास्तच अंतरावर ठेवा. समोर बसूनही झाक तशीच राहिली तर पुढे चला.

चौथी पायरी: सिग्नल

झाक पूर्ण स्क्रीनवर सारखी असेल तर आधी संशय केबलवर. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. त्यात झाक नसेल तर फाइल आणि सॉफ्टवेअर सुटले. मग केबल काढा. मॉनिटरचा स्वतःचा मेनू किंवा "नो सिग्नल"ची पाटी शुद्ध रंगात दिसली तर दोष केबलमध्ये किंवा संगणकात.

किनाऱ्यावर व्हीजीए केबल अजून पुष्कळ दुकानांत चालू आहे आणि खाऱ्या हवेत तिच्या पिना गंजतात. लाल रंगाची पिन सुटली की स्क्रीन निळसर-हिरवी होते, हिरवी सुटली की गुलाबी-जांभळी, निळी सुटली की पिवळी. कनेक्टर हलवल्यावर रंग येतो-जातो, ही पक्की खूण. वीज बंद करून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि मग स्क्रू आवळून बसवा. शक्य असेल तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवर या. एचडीएमआयवर काळा रंग धुरकट राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज 'लिमिटेड'वरून 'फुल' करा. लिमिटेडमध्ये काळा शून्याऐवजी १६ पासून सुरू होतो, त्यामुळे तो उडालेला वाटतो.

पाचवी पायरी: मोजमाप

कॅलिब्रेशनचं यंत्र मिळालं, मित्राच्या स्टुडिओतून का होईना, तर स्क्रीनचे तीन गुणिले तीन असे नऊ भाग करून प्रत्येक भाग मोजा. डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयार आहे. मधल्या भागाचा उजेड शंभर धरला आणि बाकीचे नव्वदच्या वर असले तर मॉनिटर चांगला. ऐंशी ते नव्वद बहुतेक कामांना चालतं. त्याखाली गेलं की सपाट रंगाच्या पार्श्वभूमीवर डोळ्याला दिसायला लागतं. रंगाचा फरक डेल्टा ई मध्ये येतो. तीनच्या आत असेल तर सोडून द्या, पाचच्या वर असेल तर त्या कोपऱ्यात रंग ठरवू नका. उजेडाच्या फरकापेक्षा रंगाचा फरक जास्त घातक, असं माझं ठाम मत आहे. कडेकडे हळूहळू कमी होणारा उजेड मेंदू सांभाळून घेतो. डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे हिरवट असेल तर चेहऱ्याचा रंग प्रत्येक फोटोत चुकतो.

यंत्र नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पुरावा म्हणून चालतो. दीड-दोन मीटरवरून थोडं झूम करा, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर पक्कं करा, फोकस जरा बिघडवा म्हणजे जाळीदार रेषा येणार नाहीत. मग मोबाइल उलटा धरून दुसरा फोटो घ्या. गडद कोपरा मोबाइलबरोबर फिरला तर तो लेन्सचा, जागेवर राहिला तर मॉनिटरचा.

आता पाऊस आणि खारा वारा

बहुतेक मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत वापराची आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत दिलेली असते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसचे दिवस त्याच्या वर असते. ॲक्रिलिकची प्लेट आणि तिच्यावरच्या शीट्स उष्णतेने आणि ओलाव्याने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. फ्रेममध्ये त्यांना सरकायला जागा कमी पडली की त्यांना लाटा येतात आणि स्क्रीनवर ढगांसारखे डाग दिसतात. पोलरायझरमध्ये आयोडीन भरलेली पातळ फिल्म असते. सतत उष्ण आणि दमट हवेत तीही कडेकडून फिकी किंवा पिवळट पडते.

मिठाची गोष्ट तर फारच महत्त्वाची. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मॉनिटरच्या जाळीतून आत गेलेला मिठाचा थर उन्हाळ्यात निरुपद्रवी कोरडा असतो, पावसात तोच सर्किटवर खाऱ्या पाण्याची पातळ फिल्म होतो. एलईडीच्या पट्टीचे कनेक्टर, बॅकलाइटचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारं सर्किट) असं एकेक गंजत जातं आणि पट्टीचा एखादा भाग मंद होतो.

ओलाव्याचा डाग ओळखायला सकाळची वेळ चांगली. मॉनिटर चालू केल्या केल्या राखाडी पडदा लावून मोबाइलवर फोटो घ्या, दोन तासांनी पुन्हा घ्या. डाग विरला तर शीट्समधला ओलावा, आणि तो वेळीच सांभाळता येतो. दोन्ही फोटोंत डाग तसाच असेल तर तो कायमचा समजा.

सांभाळायचं कसं? पावसाळ्यात मॉनिटर रोज काही तास चालवाच, काम नसलं तरी. स्वतःच्या उबेने तो आतून कोरडा राहतो. गणपतीत आठवडाभर दुकान बंद ठेवणाऱ्यांनी तर कुणाला तरी सांगून ठेवावं. पश्चिमेकडच्या ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला मॉनिटर चिकटवून ठेवू नका, वीतभर जागा सोडा. काम संपल्या संपल्या प्लास्टिकचं कव्हर घालायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. गरम मॉनिटरभोवतीचा ओलावा त्यात कोंडतो. सुती कापड घाला, तेही थंड झाल्यावर. एसी असेल तर 'ड्राय' मोड वापरा, पण एसीत गार झालेला मॉनिटर पडवीच्या दमट हवेत नेऊन लगेच चालू करू नका, आत दव धरतं. टेबलावर साधा आर्द्रतामापक ठेवला की अंदाज बांधत बसावं लागत नाही. कॅलिब्रेशनचं यंत्र मात्र सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यातच ठेवा. जुन्या यंत्रांमधले रंगीत फिल्टर दमटपणाने उतरतात आणि मग मापच चुकतं.

पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणाऱ्या किड्यांचंही सांगायला हवं. बारीक किडा जाळीतून आत शिरून शीट्सच्या मधे चालताना दिसतो. त्याला बोटाने दाबायचा मोह आवरा. तिथे मेला तर काळा ठिपका कायमचा. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा आणि कडेला छोटा दिवा लावून ठेवा. बहुतेक वेळा तो उजेडाकडे निघून जातो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये जसे मॉनिटर चिखलपाण्यात गेले, तशी वेळ आली तर वाळल्यासारखा दिसला म्हणून प्लग लावू नका. उघडून, धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय वीज देणं धोक्याचं आहे. शीट्समध्ये गाळ गेला असेल तर पॅनल वाचत नाही.

काय दुरुस्त होतं, काय नाही

भिंतीवर किंवा आर्मवर लावलेल्या मॉनिटरच्या मागचे चार स्क्रू आधी बघा. व्हेसा माउंटला बहुधा एम ४ जाडीचे, सुमारे १० मिलिमीटर लांबीचे स्क्रू लागतात. हार्डवेअरच्या दुकानातून लांब स्क्रू आणून आवळले की टोक आत टेकतं आणि तिथे उजळ डाग उठतो. योग्य लांबीचे स्क्रू घाला, गरजेपेक्षा जास्त आवळू नका. मॉनिटर गरम असताना पुन्हा राखाडी पडदा बघा.

ब्लीड असेल तर ब्राइटनेस कमी करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. कारखान्यातून मॉनिटर भगभगीत उजेडावर लावून येतात. फोटोच्या कामाला १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर पुरेसे आहेत. मागच्या भिंतीवर ६५०० केल्विनचा मंद पांढरा दिवा लावला तर काळ्यातली गळती डोळ्याला खूप कमी जाणवते. कडेवर कापडाने दाबून मसाज करायचे व्हिडिओ पाहून तसं करू नका. दाबाने ब्लीड जात नाही, पांढरे डाग मात्र येतात.

डिझाइनच्या कामासाठीच्या महाग मॉनिटरमध्ये युनिफॉर्मिटी कॉम्पेन्सेशनची सोय असते. कारखान्यात मोजलेल्या फरकाप्रमाणे ते उजळ भाग मंद करून सगळं एका पातळीला आणतात. कमाल उजेड आणि कॉन्ट्रास्ट कमी होतो, तरी छपाईच्या कामाला मी ते चालूच ठेवीन.

एका जागी ठळक काळोख म्हणजे पट्टीतला एलईडी गेला. पडदा क्षणभर लागून विझत असेल तर पूर्ण साखळी तुटली असेल आणि ड्रायव्हर स्वतःला बंद करत असेल. मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल आणि गोल पांढरे ठिपके दिसत असतील तर आतल्या एलईडीवरची छोटी लेन्स सुटून पडली आहे. पूर्ण स्क्रीन हळूहळू निळी-जांभळी होत गेली तर एलईडीवरचा पिवळा फॉस्फर संपत आला. या चारही बाबतींत पट्टी बदलता येते. कुडाळ, रत्नागिरी, अलिबागसारख्या ठिकाणी टीव्ही दुरुस्त करणारे हे काम करतात, पण पॅनल उचलताना तडकलं तर जबाबदारी कोणाची ते आधी बोलून घ्या. स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो आणि ट्यूबवाल्या मॉनिटरच्या इन्व्हर्टरमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त दाब असतो. पोलरायझर पिवळा पडला असेल किंवा शीट्सना कायमच्या लाटा आल्या असतील तर खर्च करू नका.

तोवर काम कसं चालवायचं? स्क्रीनवर सगळ्यात चांगली जागा कुठली ते मोजमापावरून ठरवा आणि रंगाचा निर्णय फक्त तिथेच घ्या. टूलबार आणि लेयर्सचे पॅनल खराब बाजूला सरकवा. दोन फोटोंची तुलना शेजारी-शेजारी ठेवून करू नका, एकाच जागी आलटून पालटून दाखवा. लेबल आणि पत्रिकांना डोळ्यापेक्षा सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, आकडे आणि छापखान्याचा एक नमुना छाप जास्त विश्वासाचा.

नवा मॉनिटर घेतला तर चार पडद्यांची ही तपासणी त्याच रात्री करा. ऑनलाइन खरेदीत परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते आणि थोडा ब्लीड वॉरंटीत धरला जात नाही. खोका उघडतानाचा व्हिडिओ आणि राखाडी पडद्याचा फोटो ठेवा, घाटातून आदळत आलेल्या पार्सलच्या वादात तोच कामाला येतो. जुना मॉनिटर बिलिंगच्या काउंटरला किंवा सीसीटीव्हीला अजून बरीच वर्षं चालेल. अगदीच गेला तर परसात टाकू नका. ट्यूबवाल्या मॉनिटरमध्ये पारा असतो, ट्यूब फुटली की तो मातीत आणि विहिरीच्या पाण्यात जाऊ शकतो. असा मॉनिटर ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.